नमुनापूरला निघालेला हरकत अर्ज

अर्जदार: मी. वय पन्नाशीच्या पुढे, व्यवसाय अर्जनवीस, राहणार पनवेल. शिक्षण नववी, ती पूर्ण झाली की नाही याबाबत शाळेचे आणि माझे मत वेगळे आहे.

प्रतिपक्ष क्रमांक एक: अर्ज लिहिण्याचा एक फुकट संगणक-प्रोग्राम बनवणारी मंडळी. पत्ता ठाऊक नाही, चेहरे ठाऊक नाहीत. प्रतिपक्ष क्रमांक दोन: आमच्या कचेरीसमोरच्या गल्लीतला झेरॉक्सवाला, ज्याने सदर प्रोग्राम आम्हा लोकांपर्यंत पोचवला.

बाधित व्यक्ती: गव्हाणच्या बाजूची एक बाई, बापाच्या जमिनीच्या वारसांतून जिचे नाव भावांनी गाळले.

दिनांक: ज्या सोमवारी सकाळी माझ्या संगणकाने मला न विचारता स्वतःची सुधारणा करून घेतली, तिथपासून पुढे.

साक्षीदार: शेजारच्या टेबलावरचा टाइपरायटरवाला. हा गृहस्थ माझ्या प्रत्येक फजितीला हजर असतो आणि एकाही यशाला नसतो. त्यामुळे साक्षीदार म्हणून त्याची योग्यता वादातीत आहे.

नावे मुद्दाम दिलेली नाहीत. नाव लिहिले की माणूस नोटीस पाठवतो, हे मला माझ्याच धंद्याने शिकवले आहे.

आता हकिगत.

कचेरीच्या भिंतीला लागून, पिंपळाखाली, ताडपत्रीच्या सावलीत माझे टेबल आहे. तिथे बसून मी आजवर वारसनोंदी, हरकती, रस्त्याची भांडणे, बांधाची भांडणे, आणि भांडण मिटल्याचे कळवणारे व त्यावरून पुन्हा भांडण सुरू करणारे असे सर्व प्रकारचे अर्ज लिहिले. वकील लोक काळा कोट घालून जे बोलतात ते मी बुशशर्टात लिहितो, एवढाच आमच्यात फरक. माझी भाषा वाचून एका साहेबांनी एकदा विचारले होते, की तुम्ही कायद्याची पदवी कुठून घेतली. मी नुसते हसलो. न दिलेले उत्तर खोटे ठरत नाही.

टाइपरायटर सोडून मी संगणकावर आलो तो झेरॉक्सवाल्यामुळे. हा कोकणी मुसलमान गृहस्थ बरीच वर्षे आखातात कुठल्याशा कंपनीचे संगणक सांभाळत होता. परत आल्यावर त्याने झेरॉक्सचे दुकान टाकले आणि फावल्या वेळात एक छंद लावून घेतला. जगात कुठेतरी काही माणसे पगाराशिवाय प्रोग्राम लिहितात आणि लोकांना वाटून टाकतात. ते प्रोग्राम जसेच्या तसे आपल्या संगणकावर बसत नाहीत. कुणीतरी त्यांचे नीट गाठोडे बांधावे लागते: कोणती फाईल कुठल्या फोल्डरात जाईल, आधी काय बसेल, नंतर काय. त्या गाठोड्याला पॅकेज म्हणतात आणि ते बांधणारा हा आमचा झेरॉक्सवाला. यासाठी त्याला कुणी नेमले नव्हते. पनवेलात बिननेमणुकीची कामे करणारा मी एकटाच नाही, हे पाहून मला बरे वाटले.

तो मला वकीलसाहेब म्हणतो. यात टोमणा आहे हे मला समजते, पण हाक बरी असल्यामुळे मी ओ देतो.

अर्जाच्या सदर प्रोग्राममध्ये एक सेटिंगची फाईल होती. कोणत्या अर्जाच्या डोक्यावर कोणत्या कार्यालयाचे नाव छापायचे, साहेबांना 'माननीय' म्हणायचे की 'मेहेरबान', विषयाची ओळ कुठे, संदर्भ कुठे, हे सगळे त्या एका फाइलीत. बनवणाऱ्यांनी नमुन्यादाखल सगळीकडे 'नमुनापूर' असे गाव घातले होते: मा. मंडळ अधिकारी, नमुनापूर. मी दोन पावसाळे खपून ती फाईल घडवली. तालुक्यातली लहानमोठी कार्यालये, त्यांची अचूक पदनामे, कोणत्या साहेबांना कोणता मायना आवडतो याच्या बारीक नोंदी. खरे तर ती फाईल म्हणजे माझी आयुष्यभराची विद्या होती. एका हरकत अर्जाचे बटण दाबले की शीर्षक आपोआप, निर्दोष. मी शीर्षकाकडे पाहणेसुद्धा बंद केले.

इथे आमच्या धंद्यातला एक रिवाज सांगणे भाग आहे. अर्ज छापून झाला की पक्षकाराला तो वाचून दाखवायचा, मग सही किंवा अंगठा घ्यायचा. परंतु वाचायचे 'महोदय'पासून खाली. वरचा भाग कुणी वाचत नाही. ज्यांच्याकडे मी धंदा शिकलो ते म्हणत, शीर्षक साहेबाचे, मजकूर पक्षकाराचा. ज्याचे त्याला वाचू द्यावे. भिंतीलगतचे आम्ही सारे असेच करतो. साहेबांच्या बाजूला हाच रिवाज उलटा आहे. ते शीर्षक तेवढे पाहतात, मजकूर पाहत नाहीत. अशा रीतीने दोन्ही बाजूंनी मिळून प्रत्येक अर्ज पूर्ण वाचला जातो.

तर त्या सोमवारी सकाळी संगणक सुरू केला तेव्हा पडद्यावर एक पट्टी सरकत होती. प्रोग्रामची नवीन आवृत्ती आली होती आणि ती बसत होती. मी चहा घेतला. पट्टी संपली. कुणी काही विचारले नाही, मी काही सांगितले नाही. सुधारणा म्हणतात ती अशीच होते.

दुपारी ती बाई आली. वय चाळिशीचे, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आणखी एक पिशवी आणि तिच्यात तलाठ्याच्या नोटिशीची प्रत. बाप वारल्यावर दोघा भावांनी आपलीच नावे वारस म्हणून लावायला दिली होती. नोटिशीला पंधरा दिवसांची मुदत असते. त्यातले तीन उरले होते.

"आमी बहिणी काय आभाळातून परलो का?" ती म्हणाली. "बापाला शेवटी पाणी पाजलं ते मी. भाऊ विमानतळाच्या कामावर होते दोघं."

"पाणी पाजल्याने वारस होत नाही, मुलगी असल्याने होते," मी तिला कायदा समजावला. "ते मी लिहितो. तुम्ही बसा."

मी लिहिले. आणि चांगले लिहिले. 'सबब अर्जदार ही मयताची औरस कन्या असून तिचे नाव हेतुपुरस्सर वगळण्यात आलेले आहे' हे वाक्य ऐकताना तिने डोळ्याला पदर लावला. मी महोदयपासून खाली सगळे वाचले. ती कान देऊन ऐकत होती. मग तिने कागदाच्या डोक्यावर बोट ठेवले.

"आन् ह्ये वरचं काय लिवलंय, दादा?"

"वरचे साहेबांसाठी असते," मी म्हणालो. "तुम्हाला त्याचा उपयोग नाही."

तिने अंगठा केला. पुढच्या खिडकीत आवक घेणाऱ्या कारकुनाने शिक्का मारला, पोच दिली. ती पोच पिशवीतल्या पिशवीत ठेवून ती गेली.

नंतरच्या आठवड्यात ती परत आली तेव्हा मी दुसऱ्याच अर्जात होतो. ती टेबलासमोर नुसती उभी राहिली.

"तलाठी म्हणतो, तुजी हरकतच नाय आली. भावांची नोंद आता मंजुरीला चालली."

"अशक्य," मी म्हणालो. "पोच दाखवा."

तिने पोच दाखवली. म्हणजे आमच्याच अर्जाची दुसरी प्रत, शिक्क्यासह. शिक्का स्पष्ट, तारीख मुदतीच्या आतली. आणि शिक्क्याच्या वर, माझ्या टपोऱ्या अक्षरजुळणीत: मा. मंडळ अधिकारी, नमुनापूर.

शेजारच्या टाइपरायटरवाल्याने मान वाकडी करून वाचले. "नमुनापूर? आपल्या कोन गावाच्या पुढे आलं का हे?"

"तुम्ही तुमचे काम करा."

"करतोच आहे. माझ्या मशीनला बिचारीला दुसरं गाव माहीत नाही. जे दाबतो तेच छापते."

आम्ही आवक खिडकीकडे धावलो. कोणत्या कार्यालयाची खिडकी ते सांगत नाही. मला तिथे रोज जायचे आहे. कारकुनाने शांतपणे जावक नोंदवही उघडली. अर्ज दुसऱ्या तालुक्याचा दिसल्यावरून त्याने तो नियमानुसार नमुनापूरला रवाना करण्यासाठी काढून ठेवला होता.

"मग गेला?"

"नाही. पिनकोड सापडेना," तो म्हणाला. "दोनदा शोधला. तुम्ही लोक पत्ता पूर्ण लिहीत जा हो."

सरकारी कामाच्या ढिलाईविरुद्ध मी आयुष्यात असंख्य अर्ज लिहिले आहेत. त्या दिवशी त्या ढिलाईला मी मनातून हात जोडले. परंतु अर्ज गठ्ठ्यात सापडणे आणि हरकत मान्य होणे या दोन निराळ्या गोष्टी. बाईला तिथेच बसवून मी झेरॉक्सवाल्याकडे गेलो.

"भाई, तुम्ही माझी फाईल खाल्ली."

"मी? या अल्ला! वकीलसाहेब, मी दुपारी जेवलोसुद्धा नाही."

त्याने माझ्या टेबलाशी येऊन संगणक तपासला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. प्रकार असा होता. या प्रणालीत फाइलींच्या जागा ठरलेल्या असतात. प्रोग्रामच्या स्वतःच्या मालकीच्या फायली 'यूएसआर' फोल्डरातल्या 'शेअर' नावाच्या पोटफोल्डरात जातात. तिथे नवी आवृत्ती आली की जुने पुसून नवे बसते, कुणालाही न विचारता. माणसाने हाताने बदललेल्या सेटिंगच्या फायली मात्र 'ईटीसी' नावाच्या फोल्डरात ठेवायच्या आणि गाठोडे बांधताना त्यांच्यावर तशी खूण करायची. मग नवी आवृत्ती आधी विचारते: तुमचे ठेवू का आमचे घालू?

"ईटीसी म्हणजे?"

"एट सेटेरा. इत्यादी."

ज्या जागी माणसाची सगळी मेहनत ठेवायची, तिला या विद्वानांनी नाव दिले इत्यादी.

"बनवणाऱ्यांनी सेटिंगची फाईल शेअरमध्ये ठेवली होती," तो म्हणाला. "प्रोग्राम तिथेच वाचतो. मी पॅकेज बांधताना तसंच राहू दिलं. म्हटलं, त्यांचा रस्ता त्यांना माहीत. तुम्हालाही मीच तिथे बदल करायला सांगितलं. गलती माझी, पण सुरुवात त्यांची."

"हे लेखी द्याल?"

"लेखी?" त्याने माझ्याकडे पाहिले. "एका फाइलीसाठी?"

मी त्याला पलीकडच्या बाकावर बसलेली बाई दाखवली. "देतो," तो म्हणाला.

मंडळ अधिकारी तरुण होते आणि, आमच्या दुर्दैवाने, शीर्षक आणि मजकूर दोन्ही वाचणारे होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"शिक्का मुदतीत आहे. पण उद्या भावांचा वकील म्हणेल, ही हरकत या कार्यालयाकडे आलेलीच नाही, नमुनापूरला आहे. मी काय सांगू?"

"साहेब, संगणकाने परस्पर बदलले."

"संगणक परस्पर काही करत नाही, असं तुमच्यासारखेच लोक मला दुसऱ्या अर्जांत लिहून देतात." त्यांनी पेन ठेवले. "तुम्ही चुकीचं टाइप केलं असेल तर ती अर्जदाराची चूक धरली जाईल, कारण तुम्ही तिच्या वतीने लिहिलं. मशीनने बदललं असेल तर ज्यांनी मशीनमध्ये ते घातलं त्यांचं लेखी आणा. नोंद मी तूर्त थांबवतो. सुनावणी लावतो. त्या दिवशी कागद समोर पाहिजे."

मग ते बाईकडे वळले. "तुम्हाला वाचून दाखवलं होतं ना?"

"खालचं दाखवलं," ती म्हणाली. "वरचं मी इचारलं, तर म्हणले तुमाला उपयोग नाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "तुमचंही लेखी आणा," ते म्हणाले.

त्याच दिवशी मी माझे जबानीपत्र लिहिले. परक्यांच्या चुका मी आजवर पानेच्या पाने, अलंकारांसह लिहिल्या; स्वतःची लिहायला बसलो तर वाक्य जुळेना. 'शीर्षक वाचून दाखविण्याचा प्रघात नाही' असे पहिल्यांदा लिहिले. ते खोडले. प्रघाताच्या पदराआड लपणाऱ्या कारकुनांना मीच कितीदा झोडपले आहे. शेवटी लिहिले: 'अर्जदाराने विचारूनही मी शीर्षक वाचून दाखविले नाही.' टाइपरायटरवाल्याने साक्षीदार म्हणून सही केली. एकदाही हसला नाही. हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हते आणि मला ते फार लागले.

झेरॉक्सवाल्याने आपल्या दुकानाच्या कागदावर लिहून दिले आणि खाली पद लिहिले: पॅकेज सांभाळणारा. साहेबांनी ते पाहून विचारले, "हे पद कोणत्या खात्याचं?" तो म्हणाला, "मानद आहे, साहेब." साहेबांनी कागद ठेवून घेतला, पण म्हणाले, मूळ बनवणाऱ्यांचेही आणा.

मूळ बनवणाऱ्यांचे एक तक्रार-पान असते, जगाला उघडे. मी मराठीत सविस्तर तक्रार लिहिली: वस्तुस्थिती, नुकसान, मागणी. झेरॉक्सवाल्याने ती इंग्रजीत घातली आणि घालताना, मला संशय आहे, माझे सर्व उत्तम शब्द गाळले. तासाभरात उत्तर आले. शेअरमधली फाईल केवळ नमुना आहे. वापरणाऱ्याने तिची प्रत स्वतःच्या फोल्डरात करून घ्यावी. तसे सूचनापत्रात लिहिले आहे. फाईल कुठे बसवायची हा पॅकेज बांधणाऱ्याचा प्रश्न आहे. तक्रार निकाली.

मी सूचनापत्र काढायला लावले. सदर सूचना शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, इंग्रजीत, एका ओळीत होती.

मला एकदम घरच्यासारखे वाटले. आयुष्यभर मी हेच वाचत आलो: प्रकरण या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही, संबंधितांकडे दाद मागावी, परिपत्रक पाहावे. मला वाटत होते या कलेत आमची कचेरी जगात पहिली आहे. परंतु आमच्या कचेरीला तक्रार निकाली काढायला तीन महिने लागतात. या बिनपगारी मंडळींनी तेच काम तासात केले. याला प्रगती म्हणतात.

"ते वाईट नाहीत हो," झेरॉक्सवाला म्हणाला. "दिवसाला अशा दहा तक्रारी वाचत असतील."

"वाचत नाहीत. शीर्षक पाहतात."

हे बोलून गेल्यावर मला माझेच टेबल आठवले.

त्याने आपल्या बाजूचे काम मात्र केले. प्रोग्रामने सेटिंग ईटीसीमध्ये शोधावी अशी दुरुस्ती त्याने घातली, फाइलीवर राखून ठेवण्याची खूण केली, गाठोडे पुन्हा बांधले. माझी फाईल मी आठवून आठवून नव्याने भरली. तिच्यातले काही साहेब मधल्या काळात बदलून गेल्याचे त्या निमित्ताने कळले. मग त्याने मुद्दाम एक नवी आवृत्ती माझ्या संगणकावर सोडली, परीक्षेसाठी. बाई त्या वेळी जबानीच्या प्रतीवर अंगठा करायला आलेली होती. पट्टी सरकली आणि अर्ध्यावर थांबली. पडद्यावर प्रश्न आला.

"काय म्हणते ती?" बाईने विचारले.

"विचारते, तुमचे लिहिलेले ठेवू, की पुसून नवे घालू. काही न सांगितले तर तुमचेच ठेवते."

ती पडद्याकडे पाहत राहिली. "मशीनला इचाराची अक्कल हाय," ती म्हणाली. "आमच्या भावांना नाय."

झेरॉक्सवाला मोठ्याने हसला. मी बटण दाबले. माझे ठेवा.

अंगठा घेण्यापूर्वी मी तिला जबानी वाचून दाखवली, अगदी कागदाच्या वरच्या कडेपासून. मंडळ अधिकारी, मग तालुका, मग जिल्हा. ती प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. "ह्ये बरोबर हाय," असे तिने मला दोनदा सांगितले, जणू शीर्षक तपासणे हे आता तिच्याकडे आले होते.

हे लिहीत असताना सुनावणी व्हायची आहे. भावांनी वकील दिला आहे आणि त्याने पहिल्याच भेटीत विचारून घेतले आहे, की नमुनापूर कुठे येते. प्रकरणाच्या फाईलला माझी जबानी लागली आहे, झेरॉक्सवाल्याचा मानद कागद लागला आहे, कारकुनाच्या जावक वहीचा उतारा लागला आहे. एकच जागा मोकळी आहे, मूळ बनवणाऱ्यांच्या कागदाची. तक्रार पुन्हा उघडावी म्हणून मी त्यांच्या तक्रार-पानावर दुसरा अर्ज केला. त्याचा शेवट इथे उतरवून ठेवतो. या वेळी झेरॉक्सवाल्याला ताकीद होती, की एकही शब्द गाळायचा नाही.

'सबब आपणांस विनंती येणेप्रमाणे. एक, माणसाने स्वहस्ते भरलेली सेटिंगची फाईल आपल्या मूळ प्रोग्राममध्येच अशा जागी बसविण्यात यावी, जिथे नवीन आवृत्ती तिच्यावरून चालून जाणार नाही. ही जबाबदारी गाठोडे बांधणाऱ्याच्या दारात टाकून मोकळे होऊ नये. दोन, कुणाचेही लिहिलेले पुसण्यापूर्वी त्यास विचारण्यात यावे, व तो गप्प राहिल्यास त्याचे तसेच ठेवावे. तीन, सदर आवृत्तीने पूर्वीची फाईल न विचारता बदलली, आणि नमुनापूर हे गाव आपण घातलेले असून गव्हाणच्या बाजूच्या अर्जदार बाईने घातलेले नाही, एवढे आपल्यापैकी कोणीही एकाने, नाव व सही करून, लेखी कळवावे. त्या बाईच्या बापाच्या जमिनीवर तिचे नाव राहणे या एका ओळीवर येऊन थांबले आहे. आपण पगार घेत नाही, हे मला मान्य आहे; उत्तरास पगार लागत नाही. सुनावणीपूर्वी उत्तर मिळावे. सदर तक्रार यापुढे केवळ तिचे शीर्षक पाहून निकाली काढू नये, ही नम्र प्रार्थना.'